माझी तिथे काय गरज, म्हणतोस?

प्रिय बाळा, सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास ना, मम्मी इथली चर्चची मंडळी खूप मोठी आहे, वर्शिप टीम, साउंड, संडे स्कूल सगळं सेट आहे, पगारी लोक आहेत, माझी काय गरज, मी आपला मागच्या बेंचवर बसतो आणि आशीर्वाद झाला की सटकतो. तेव्हा मी गप्प बसले कारण मीही कित्येक वर्षं हेच केलंय. गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की घसा कोरडा, म्हणजे सेवा हे आपलं काम नाही असं मी ठरवूनच टाकलेलं.

मग एका रविवारी प्रभुभोजनानंतर, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीनंतर, एक म्हाताऱ्या बाई एकट्याच ते छोटे कप धूत होत्या, हात दुखत होता त्यांचा, म्हणून मी बाजूला जाऊन उभी राहिले. त्या कपाच्या तळाशी द्राक्षरसाचं लाल वर्तुळ राहतं बघ, सुकलं की नुसत्या पाण्याने जात नाही आणि बोट आत शिरत नाही, कापडाचं टोक पिळून फिरवावं लागतं. पुढच्या रविवारी त्यांनी काही न विचारता कापड माझ्या हातात दिलं, झालं, अडकले मी.

बायबलमधल्या गणना पुस्तकाचा 4 था अध्याय वाच एकदा. कंटाळवाणा वाटेल, मलाही वाटायचा. रानातल्या प्रवासात देवाचा तंबू कोणी काय उचलून न्यायचा ते लेवी घराण्यांना वाटून दिलंय. कहाथी लोकांकडे कराराचा कोश (पवित्र पेटी), वेदी, दीपवृक्ष, म्हणजे सगळ्या मानाच्या वस्तू. आणि मरारीच्या घराण्याकडे काय, तर फळ्या, खांब, मेखा आणि तणावे, म्हणजे तंबूच्या दोऱ्या! 30 ते 50 वयाचे 3200 पुरुष, आणि कोणी काय उचलायचं ते नावानिशी नेमून दिलेलं. आता सांग, मेखा मागे राहिल्या तर तंबू उभा कसा राहणार, कोश ठेवणार कुठे?

प्रेषितांची कृत्ये 6 मध्येही तेच. पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात कुरकुर झाली म्हणून सात जण निवडले, आणि त्यासाठीसुद्धा आत्म्याने पूर्ण असलेली माणसं पाहिली. वाढायचं काम आहे, कोणीही चालेल, असं नाही म्हटलं.

आणि पगारी लोक आहेत म्हणतोस, तर प्रेषित पौल इफिसकरांस पत्रात लिहितो की पाळक (पास्टर) आणि शिक्षक दिलेत ते पवित्र जनांना, म्हणजे आपल्यासारख्या विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी तयार करायला. म्हणजे सेवा तुझी, तयारी करून घेणं त्यांचं. आपण मात्र सगळं पाळकावर टाकतो आणि वर उपदेश लांबला म्हणून तक्रारही आपलीच (माझीसुद्धा, कबूल).

पण एकदम पाच कामं घेऊ नकोस. मी घेतली होती, वर्षभरात इतकी चिडचिडी झाले की तुझे पप्पा म्हणाले, तू चर्चमधून आलीस की घरात भीती वाटते. एकच घे. आपलं कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेलं देणं, कोणतं याचा फॉर्म भरत बसू नकोस, करता करता कळतं ते.

या रविवारी अर्धा तास आधी जा आणि जो खुर्च्या लावत असेल त्याला विचार, काय उचलू. संध्याकाळी फोन कर. आणि कप धुवायला लागलेच तर लगेच गरम पाण्यात टाक, सुकू देऊ नकोस.

तुझी मम्मी