खेळता येईल अशी कला शिकवा

संपादक महोदय, नमस्कार.

कलाप्रदर्शनात लोकांनी हात लावून खेळावं असं काम मांडायला फार मोठी यंत्रणा लागते हा समज आता खरंच सोडायला हवा. २०१२ साली रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आला तेव्हापासून तळहाताएवढ्या बोर्डवर गेम, स्क्रीन, आवाज सगळं चालतं, आणि आताच्या बोर्डवर ४० पिना असतात त्यातल्या बऱ्याच पिनांना बटण, सेन्सर, छोटे एलईडी दिवे जोडता येतात.

कोडपेक्षा अवघड असतं ते लोकांचा हात सांभाळणं, कारण साधं बटण दाबलं की आतले संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकाच दाबाचे चार दाब मोजले जातात, म्हणून प्रोग्राममध्ये साधारण २० मिलिसेकंद थांबून मगच दाब धरायचा. पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्ट दिले तर बोर्ड जाऊ शकतो. आणि प्रदर्शन बंद करताना कुणीतरी मेन स्विचच बंद करतं! त्यात एसडी कार्डवर लिहिणं चालू असेल तर डेटा खराब होतो, सकाळी काम सुरूच होत नाही. कार्ड रीड-ओन्ली, म्हणजे त्यावर फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही असं करून ठेवलं आणि वीज येताच गेम आपोआप चालू होईल असं केलं की बरीच डोकेदुखी टळते.

हे सगळं चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना रंग-ब्रशइतकंच मनापासून शिकवा असं कलाशिक्षकांना सांगणं आहे. आणि तुम्हीही कलेच्या पानावर अशा कामांची समीक्षा छापा, नुसता फोटो नको, खेळून बघून लिहिलेली.

आपला,
एक वाचक