नेच्याआडचा ग्लॅडिओलस

संपादक महोदय,

मार्केट यार्डात जुड्यांनी विकला जाणारा ग्लॅडिओलस मला लहानपणापासून ठाऊक. पण रानातला पाहिला तो पासष्टाव्या वर्षी, लेकीकडे साउदॅम्प्टनला आल्यावर. न्यू फॉरेस्टमध्ये जुलैच्या सुरुवातीला नेचा हातानं बाजूला केला, तर आत गुडघ्याएवढी दांडी आणि एका अंगाला झुकलेली पाच गडद गुलाबी फुलं. ब्रिटनमध्ये तो आता याच भागात रानटी उगवतो. मोकाट तट्टांपासून त्याला नेचा वाचवतो, माणसांपासून इथला १९८१चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा. तरी आमच्यातल्याच एका हौशी गृहस्थांनी ‘गड्डा नेतो, कुंडीत लावीन’ म्हणत खिशातून चमचा काढला! (म्हणजे बेत घरूनच.) नातीनं त्यांचा हात धरला म्हणून बरं. कासला जाणाऱ्यांचेही खिसे जरा तपासावेत.

– एक वाचक, सध्या साउदॅम्प्टन