सर, त्या न हललेल्या कपट्यांसाठी थँक्यू

सर, फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

एमएस्सीच्या सेमिनारला मी अणुस्फोटाच्या दाबलाटा कशा मोजतात हा विषय घेतला होता. स्लाइड्स तयार होत्या. 16 जुलै 1945, न्यू मेक्सिको, ट्रिनिटी टेस्ट म्हणजे जगातली पहिली अणुचाचणी, सुमारे 16 किलोमीटरवर उभे असलेले भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी, हातात कागदाचे कपटे. लाटेने कपटे अडीच मीटर सरकले आणि त्यांनी स्फोटाच्या ताकदीचा अंदाज केला, 10 हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी. मी हे चमत्कार सांगावा तसं सांगत होते आणि तुम्ही फक्त विचारलंत, "लाट यायच्या आधी सोडलेले कपटे कुठे पडले?"

मला उत्तरच देता येईना. मग तुम्ही म्हणालात, वीज चमकली की गडगडाट होईपर्यंत आकडे मोजतो ना आपण, तसेच त्यांना जवळपास 40 सेकंद मिळाले होते, आणि त्यांनी साधारण सहा फुटांवरून लाटेच्या आधी, लाट जाताना आणि नंतर, असे तिन्ही वेळा कपटे सोडले. वारा पडलेला होता, म्हणजे आधीचे कपटे सरळ खाली, तेच शून्य, आणि ते शून्य नसतं तर अडीच मीटरला काही अर्थच उरला नसता. माझं सगळं लक्ष हललेल्या कपट्यांकडेच होतं सर!

मग स्फोटाची ऊर्जा काढायचं भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलरचं गणित. स्फोटानंतर 0.025 सेकंदाला आगीच्या गोळ्याची त्रिज्या अंदाजे 140 मीटर, तिचा पाचवा घात गुणिले हवेची घनता, भागिले वेळेचा वर्ग, स्थिरांक 1 धरून. चुकून व्यास घातला तर उत्तर 32 पट फुगतं हेही करून बघायला लावलंत. बरोबर केल्यावर 25 किलोटन, म्हणजे 25 हजार टन टीएनटीच्या आसपास आलं, आणि 2021 मधला नवा अंदाज 24.8 आहे. मी रात्री दोनला वही घेऊन आईला उठवलं.

पण सगळ्यात जास्त थँक्यू हिरोशिमाच्या स्लाइडसाठी. तिथे पॅराशूटने सोडलेली दाबमापकं रेडिओवरून रीडिंग पाठवत होती, मी फक्त सर्किट दाखवलं होतं, तुम्ही म्हणालात, खाली माणसं होती, तेवढं एक वाक्य घाल. घातलं सर. वर्गात कुणी काही बोललं नाही बराच वेळ.

दिवाळीत घरी येतेय. इन्फ्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणारा खूप खालचा आवाज, तो टिपणाऱ्या स्टेशनचं राहिलंय अजून, वही घेऊन येते.