गप्प बसल्याबद्दल आभार

प्रिय मिस व्हॅल,

तुम्हाला मराठी येत नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचण्याची शक्यताही नाही, तरी लिहितेय. लेक म्हणाली, "आई, इंग्रजीत लिही की." लिहून पाहिलं. चार ओळींतच ते बँकेच्या मॅनेजरला केलेल्या अर्जासारखं दिसायला लागलं. म्हणून आपलं मराठीतच. तुम्ही नाही वाचलंत तरी आमच्या इकडच्या काही जणांनी वाचावं, एवढा माझा स्वार्थ आहेच.

त्यांच्यासाठी आधी तुमची ओळख करून देते. व्हॅलरी काँडोस फील्ड. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या मुलींच्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या मुख्य प्रशिक्षक, १९९१ पासून २०१९ पर्यंत. त्या काळात सात राष्ट्रीय विजेतेपदं, पहिलं १९९७ चं आणि शेवटचं २०१८ चं. २०१४ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला, त्यातून उठून पुन्हा हॉलमध्ये. आणि गंमत म्हणजे बाई स्वतः कधी जिम्नॅस्ट नव्हत्याच. मूळच्या बॅले नर्तकी. विद्यापीठात आल्या त्या मुलींचे नाच बसवून द्यायला.

आमच्याकडे हे कुणाला सांगितलं की विश्वास बसत नाही. आमच्याकडे सर म्हणजे तरुणपणी राज्य पातळीवर खेळलेले, तेव्हाचा चषक घेतानाचा फोटो भिंतीवर, आणि त्या एका फोटोच्या जोरावर पुढची तीस वर्षं पोरांना धाक.

आता माझं सांगते. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला आमची दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीच्या प्रकारात, चौथी आली. पदक ०.१५ गुणांनी हुकलं. त्यानंतर गावोगावच्या जिम्नॅस्टिक्स हॉलमध्ये जी झुंबड उडाली, तिच्यात मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून उभी होते. हेतू पवित्र होता असं म्हणवत नाही. दीपा डोक्यात होती, तसे दहावीचे ग्रेस मार्कही होते, आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षणही. सहा वर्षांच्या पोरीसाठी एवढं सगळं.

पहिली काही वर्षं मजेत गेली. मग ती मोठ्या मुलींच्या बॅचमध्ये गेली आणि तिथल्या सरांच्या हाती लागली. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. दर सोमवारी दाराशी वजनकाटा. एकेकीने चढायचं, सर आकडा मोठ्याने वाचणार आणि फळ्यावर लाल मार्करने लिहिणार. आठवडाभर तो तसाच. वाढला असेल त्या मुलीला टोपणनाव, आणि ते टोपणनाव बाकीच्यांनी वापरायचं असा अलिखित नियम. मी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाले, "ताई, मुलीला खेळवायचंय की लाडवायचंय? ते आधी घरी ठरवा." बाहेर बाकावर आणखी सात-आठ पालक बसले होते. सगळ्यांना ऐकू गेलं आणि सगळ्यांनी मोबाइल काढले.

मीही दुसरं काय केलं? घरी येऊन लेकीला म्हणाले, "सर ओरडतात ते तुझ्या भल्यासाठीच." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. स्पर्धेहून परतताना ती स्कूटरवर मागे बसायच्या आत माझा प्रश्न तयार असायचा, कितवा नंबर?

तुमचं भाषण मी अपघाताने पाहिलं. रात्री झोप येत नव्हती, मोबाइलवर एकातून दुसरं बघत होते, त्यात तुम्ही आलात. पहिल्यांदा बरं वाटलं ते तुमच्या कबुलीमुळे. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं तुम्हीही इतर यशस्वी प्रशिक्षकांची नक्कल करत होतात. कडक बोलायचं, दया दाखवायची नाही, मुलींना तोडून टाकायचं. शेवटी मुलींनीच बैठक मागितली आणि दोन तास तुम्हाला उदाहरणं देऊन सांगितलं की तुमच्या मग्रुरीने आम्ही दुखावतोय. तुम्ही ते ऐकून घेतलंत. दोन तास! आमच्या सरांना कुणी दोन मिनिटं सुनावलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा लॉकर रिकामा झाला असता.

जॉन वुडन यांचं बोट तुम्ही धरलंत. त्याच विद्यापीठाला बास्केटबॉलची दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारा हा माणूस यशाची व्याख्या करताना जिंकण्याचं नावही काढत नाही. आपल्या कुवतीप्रमाणे उत्तम होण्यासाठी सगळं केलं, हे मनाला पटल्यावर जी शांतता मिळते ते यश, असं काहीसं त्यांचं म्हणणं. हे असं कागदावर ठीक वाटतं, आमच्या शाळांच्या भिंतींवरही अशी वाक्यं रंगवलेली असतात. त्या भिंतीखालीच मुलांना अंगठे धरून उभं करतात.

पण मी उठून बसले ती पुढच्या गोष्टीला. कायला रॉस. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली सांघिक सुवर्ण जिंकलेली मुलगी, नंतर तुमच्या संघात आली. एक दिवस ती तुमच्या ऑफिसात येऊन बसली आणि बोलायला लागली. अभ्यासाचं, पुढे काय शिकायचं त्याचं, मग सुचेल ते. कामाचं काहीच नाही. तुम्हाला आतून वाटलं की हिच्या मनात काहीतरी आहे, आपण स्वस्थ बसलो आणि हिला वेळ दिला तर ते बाहेर येईल. तुम्ही स्वस्थ बसलात. आणि ते आलं. अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर, ज्याने शेकडो मुलींचं लैंगिक शोषण केलं, त्याने हिच्यावरही हात टाकला होता. तुम्ही सांगता, की तिने ते कुणालातरी पहिल्यांदाच सांगितलं.

सात विजेतेपदं एका बाजूला ठेवा. मला तुमचे आभार मानायचेत ते त्या दिवशी तुम्ही "बरं, मुद्द्याचं बोल" म्हणाला नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाहीत, त्याबद्दल. त्या मुलीभोवती किती मोठी माणसं होती. संघटना, अधिकारी, डॉक्टर, प्रशिक्षक. सगळ्यांचं तिच्या गुणांकडे लक्ष होतं. तिच्या बडबडीकडे कान देऊन बसायला कुणाला वेळ झाला नव्हता.

तुमचं भाषण पाहिल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, जानेवारीतली गोष्ट. मी ओट्याशेजारी खाली बसून मटार सोलत होते. तीन किलो आणले होते, वर्षभराचे फ्रीजरमध्ये टाकायला. लेक, तेव्हा तेरा वर्षांची, येऊन समोर बसली. एरवी बोलावलं तरी येत नाही. तिने एक शेंग उचलली आणि सुरू झाली. विज्ञानाच्या प्रकल्पाला हिरवा कार्डपेपरच मिळत नाही. मैत्रिणीच्या मांजरीला चार पिल्लं झाली, त्यातलं एक आंधळं आहे का काय. मराठीच्या बाई आजकाल केस मोकळे सोडतात. माझ्या जिभेवर आलं होतं, "अगं अभ्यास झाला का?" अगदी टोकावर आलं होतं. तेवढ्यात तुम्ही आठवलात.

मी काही बोलले नाही. सोलत राहिले. मटार संपले तर मला उठावं लागेल आणि उठले तर ही गप्प होईल, असं का कोण जाणे वाटायला लागलं. शेवटची शेंग झाली तेव्हा मी सोललेली टरफलं पुन्हा उचलून एकेक चाचपायला लागले, जणू त्यात दाणे राहिलेत. ती बघत होती. हसली नाही.

मग म्हणाली, "आई, मी बीमवरून मुद्दाम पडले."

बीम म्हणजे तोल सांभाळत कसरत करायची आडवी पट्टी, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि दहा सेंटीमीटर रुंद. आधीच्या आठवड्यात ती त्यावरून पडली होती, मनगट सुजलं होतं, मी हळद-तुरटीचा लेप लावला होता आणि वर चार शब्द सुनावलेही होते, लक्ष कुठे असतं म्हणून. तिचं गणित वेगळं होतं. मनगट मोडलं तर प्लास्टर. प्लास्टर असलं की सहा आठवडे हॉल बंद. सहा आठवडे म्हणजे सहा सोमवार. नुसतं सुजल्यामुळे तिला वाईट वाटत होतं.

त्यानंतर तासभर ती बोलत होती. वजनाचं, टोपणनावाचं, डबा शाळेच्या कचरापेटीत टाकण्याचं. मी काय बोलले ते आठवत नाही, फार बोलले नसणार. त्या हॉलमध्ये ती पुन्हा गेली नाही. नंतर काय काय झालं, कुणाकडे गेलो, कोण काय म्हणालं, ते इथे उगाळत नाही. एवढंच सांगते की बाकावरच्या पालकांपैकी दोघींचे फोन आले, रात्री दहानंतर, हळू आवाजात. दोघी म्हणाल्या, आमच्याही घरी तेच आहे. मग त्या दिवशी मोबाइल का काढलेत, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण मीही कित्येकदा तेच केलं होतं.

पुढे लेकीला मी तुमच्याच संघातल्या केटलिन ओहाशीचं दाखवलं. जानेवारी २०१९, फ्लोअरवरची तिची कसरत, दहापैकी दहा गुण, कोट्यवधी लोकांनी पाहिलेली. पोरीने ती सलग चार वेळा पाहिली. चौथ्या वेळी म्हणाली, "आई, ही हसतेय. आणि मागे बाकीच्या मुली तिच्यासोबत नाचतायत." तिला हेच सगळ्यात अशक्य वाटलं, उड्या नव्हे. मग मी तिला सांगितलं की हीच मुलगी २०१३ च्या अमेरिकन कपमध्ये सिमोन बाइल्सच्या पुढे पहिली आली होती, आणि त्यानंतर खांद्याने, पाठीने आणि माणसांच्या जिभांनी मोडून गेली. तिच्या वजनावरूनही लोक बोललेच होते. तुमच्याकडे आली तेव्हा तिने तुम्हाला सांगितलं की मला पुन्हा महान व्हायचंच नाही. दुसरं कुणी असतं तर शिष्यवृत्तीचा हिशोब काढला असता. तुम्हालाही धक्का बसला होता म्हणा, पण तुम्ही थांबलात. तिला खेळात पुन्हा मजा वाटू दे, बाकीचं मग बघू, या बेताने.

त्यावर लेकीने विचारलं, "मग त्या वर्षी ते जिंकले?" मी शोधून काढलं. नाही. २०१९ ला, तुमच्या शेवटच्या वर्षी, संघ तिसरा आला. जिंकला होता आदल्या वर्षी. पेंग-पेंग ली, दोनदा गुडघ्याने दगा दिलेली मुलगी, अगदी शेवटी बीमवर चढली, दहा गुण घेतले आणि ओक्लाहोमाला ०.०३७५ ने मागे टाकलं. तोही व्हिडिओ आम्ही पाहिला, छानच आहे. पण लेक पुन्हा पुन्हा लावते ती तिसऱ्या आलेल्या वर्षातली केटलिन.

तुम्ही देवी आहात असं माझं म्हणणं नाही. तुम्हीच स्वतःच्या सुरुवातीबद्दल जे सांगता ते ऐकलं तर तेव्हा तुमच्या हाताखाली माझी मुलगी नसलेलीच बरी. मला उलट त्याचाच आधार वाटला. तुम्ही बदलू शकलात तर मटार सोलणाऱ्या बाईलाही जमेल. आणि नीट पाहिलं तर अशी माणसं आपल्याकडेही असतात, फक्त त्यांची भाषणं कुणी ठेवत नाही. आमच्या एसटीचा एक कंडक्टर होता, म्हातारी चढून बसेपर्यंत घंटी द्यायचा नाही, मागून कितीही हॉर्न वाजू देत. लेकीच्या शाळेतल्या शिपाईमावशींना म्हणे डबा फेकला जातो हे माहीत होतं. त्या रोज मधल्या सुट्टीनंतर तिच्या हातावर एक लाडू ठेवायच्या, काही न विचारता. हे मला त्या रात्रीच कळलं. दुसऱ्या दिवशी जाऊन मावशींना नमस्कार केला तर त्याच ओशाळल्या.

सात महिने लेकीने हॉलचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, जीभ चावून. मग एके दिवशी तिनेच विचारलं, माझा लिओटार्ड लहान झाला असेल ना? झाला होता. आता ती दुसऱ्या एका ठिकाणी जाते, आठवड्यातून तीन दिवस. तिथल्या ताई तरुण आहेत, ओरडतात थोड्याफार, पण काटा ठेवत नाहीत.

गेल्या रविवारी स्पर्धा होती. मी बाहेर स्कूटरपाशी उभी होते. ती आली, मागे बसली. तुम्ही सांगितलेला प्रश्न मी मनात घोकून ठेवला होता, आज मजा कशात आली. तो विचारायची वेळच आली नाही, तिचं सुरू झालं होतं. एका लहान मुलीचा क्लिप बीमवर पडला आणि हिने तो मधेच जाऊन कसा उचलला, पंच कशा बघत राहिल्या, वगैरे. वाटेत मिसळ खाल्ली. तिने जास्तीचा पाव मागितला, मग आणखी एक. रस्सा पुसून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू विचारणार नाहीयेस?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

नंबर मला अजून माहीत नाही.

तुमची,
एका जिम्नॅस्टची आई