नाटोची बातमी चार ओळीत उरकू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

नाटोच्या, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीच्या, बातम्या आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळीत संपतात म्हणून लिहितोय. जून २०२५ला हेगच्या बैठकीत सभासद देशांनी २०३५पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के खर्च संरक्षणावर करायचं कबूल केलं, त्यातले साडेतीन टक्के सैन्य आणि शस्त्रांवर, बाकी दीड टक्के रस्ते, पूल, सायबर वगैरे. २०१४ला वेल्समध्ये २ टक्के ठरले होते तेच कितीतरी देशांनी वर्षानुवर्षं पाळले नाहीत, अमेरिका आहे की, मग कशाला काळजी! ट्रम्प यांची भाषा मला अजिबात पटत नाही, पण युरोपातले देश पुरेसा खर्च करत नाहीत ही त्यांची तक्रार ओबामासुद्धा करत होते.

आणि नाटो कराराचं कलम ५ नीट वाचलं पाहिजे. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हे खरं, पण मदत नेमकी काय करायची ते ज्या त्या देशानं ठरवायचं असं त्यात आहे. आजवर ते एकदाच लागू झालं, २००१ला, तेही अमेरिकेसाठी, आणि त्यानंतर अफगाणिस्तानात युरोपातले शेकडो जवान मारले गेले, हे अमेरिकेनं विसरणं मला फार वाईट वाटतं.

आमच्या सोलापुरात टॉवेलचे कितीतरी कारखाने एक्सपोर्टवर चालतात, बाहेरची ऑर्डर थांबली की मागावरच्या कामगाराचा आठवड्याचा पगार तुटतो, त्यामुळं तिकडची लढाई इथल्या चुलीपर्यंत येते. रविवारच्या पुरवणीत यावर एक पूर्ण पान द्या ही विनंती.

एक वाचक, सोलापूर