अळंबी: लसणीच्या परीक्षेवर विसंबू नका

संपादक महोदय,

श्रावणात आमच्या राजापूरच्या बाजारात पानांत बांधलेली अळंबी येते. मी घेते ती वारुळावरची, आणि ओळखीच्या बाईकडूनच. तिचा देठ मुळासारखा खोल वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो, छत्रीला मधोमध टोक असते. गवतात उगवणारी एक मोठी पांढरी अळंबीही खाण्याजोगी वाटते. पण पिकल्यावर तिच्या छत्रीखालचे पापुद्रे हिरवट होतात. ती पोटात गेली तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. कोवळेपणी हे पापुद्रे पांढरेच असतात, म्हणून धोका मोठा.

शिजवताना लसूण काळी पडली नाही तर खुशाल खा, असे आजही सांगितले जाते. काळे न पडलेले चांदीचे नाणे, किड्यांनी कुरतडलेली छत्री, याही खुणा साफ खोट्या! ॲमानिटा गटातील काही अळंब्यांचे विष उकळूनही जात नाही. उलट्या साधारण ६ ते १२ तासांनी सुरू होतात, मध्ये बरे वाटते आणि तेव्हाच आत यकृत निकामी होत असते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. उरलेली अळंबी सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

आरोग्य खात्याने ही माहिती पावसाळ्याआधीच्या ग्रामसभांत चित्रांसह द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, राजापूर (जि. रत्नागिरी)