सरावाची तलवार विकताना काय सांगितले पाहिजे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या युरोपीय तलवारविद्येचा अभ्यास करणारे गट गेल्या काही दशकांत अनेक देशांत उभे राहिले आहेत. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये जपलेले, चौदाव्या शतकाच्या आरंभीचे तलवार आणि लहान ढालीचे हस्तलिखित असो, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फिओरे देई लिबेरी या इटालियन उस्तादाने नोंदवलेले डावपेच असोत की योआखिम मायर याने 1570 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे छापलेला ग्रंथ असो, अशा मूळ साधनांवरून हे अभ्यासक वार, अडवणूक आणि पवित्रे पुन्हा बसवतात. या छंदाविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात पोशाख आणि छायाचित्रे यांनाच मुख्य जागा मिळते. तलवार टिकते कशाने आणि मोडते कशाने, हे मात्र नवख्याला बहुतेक वेळा विक्रेत्याच्या जाहिरातीतूनच समजून घ्यावे लागते, आणि ती जाहिरात नेमके हेच सांगत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण तिचा संबंध खेळणाऱ्याच्या आणि समोरच्याच्या जिवाशी येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जाहिरातीत आढळणारी विशेषणे ठरलेली असतात: 'अस्सल', 'युद्धसज्ज', 'हाताने घडवलेली'. यांपैकी एकाही शब्दावरून पाते दोन वर्षांच्या नियमित सरावात शाबूत राहील की नाही, हे कळत नाही. भिंतीवर टांगण्यासाठी बनवलेली तलवार आणि सरावाची तलवार छायाचित्रात सख्ख्या बहिणी वाटतात. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण या बाजारासाठीच केली असावी. शोभेची तलवार बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. ते गंजत नाही आणि लखलखते, स्वयंपाकघरातल्या सुरीला तर ते उत्तमच. पण हातभर लांब पात्यावर जोरकस वार बसला की या जातीचे कडक पोलाद वाकण्याऐवजी तडकण्याचा संभव फार. सरावाच्या पात्याला कार्बनयुक्त स्प्रिंग स्टील लागते, म्हणजे दाब आला की वाकणारे आणि सुटला की पुन्हा सरळ होणारे. 51CrV4 किंवा 5160 या नावांनी ओळखले जाणारे मिश्रपोलाद आणि 1060 सारखे साधे कार्बन पोलाद ही यांतली नेहमीची उदाहरणे. यांत कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा ते 0.65 टक्के असते. पहिल्या दोहोंत क्रोमियमही थोडे असते, पण स्टेनलेस म्हणवण्याइतके नसते, म्हणून ती गंजतात. चांगल्या तलवारीला गंज चढू शकतो, हे नव्या ग्राहकाला सांगितलेच पाहिजे, नाहीतर तो पहिल्याच पावसाळी दमटपणात माल परत करायला निघेल.

पण पोलादाचे नाव कळले म्हणजे सगळे कळले असे नाही. त्याच पोलादाचे एक पाते वर्षानुवर्षे चालते आणि दुसरे पहिल्या काही महिन्यांतच जाते, याचे कारण त्याला पाणी कसे दिले, म्हणजे तापवून आणि विझवून त्याचा कठीणपणा कसा बसवला, यात असते. पाते लाल तापवून तेलात विझवले की ते अत्यंत कठीण होते, पण त्याच वेळी काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताने तापवून त्या कठीणपणातला काही भाग जाणूनबुजून सोडावा लागतो. हे दुसरे तापवणे कमी पडले तर पाते तडकते, जास्त झाले तर ते प्रत्येक वाराबरोबर वाकून तसेच राहते आणि कडेला खोल खाचा पडतात. रॉकवेल मोजपट्टीवर सरावाच्या पात्याचे काठिण्य साधारण 48 ते 52 च्या आसपास असावे, असा अनुभवी कारागिरांचा कल असतो. हा आकडा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. तो मोजावा लागतो, आणि तो ज्याने पाते बनवले त्यानेच मोजून सांगायचा असतो. बहुतेक जाहिरातींत तो छापलेला नसतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट मुठीच्या आत असते. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो, त्याला सरावातली माणसे टँग म्हणतात. हलक्या प्रतीच्या तलवारीत हा भाग पात्याचाच नसतो. पाते मुठीपाशी संपवून त्याला आटे पाडलेली बारीक सळई वेल्डिंगने जोडलेली असते. वेल्डिंगच्या जागी तापमान अवाढव्य चढल्यामुळे दिलेले पाणी तिथे उतरते, आणि वाराचा सगळा धक्का नेमका तिथेच गोळा होतो. अशी तलवार तुटते तेव्हा पाते हातातून सुटून भिरभिरत जाते आणि ते कुठे जाऊन लागेल याचा नेम नसतो. टँग पात्याच्याच धातूचा, रुंद आणि जाड असला पाहिजे, हे तर झालेच. पण पाते जिथे अरुंद होऊन मुठीत शिरते, तिथला कोपरा काटकोनी कापलेला नसून गोलाई देऊन वळवलेला असला पाहिजे, याकडे फार थोडे ग्राहक लक्ष देतात. टोकदार कोपऱ्यातून भेग सुरू होते, हे कुठलाही यंत्रशाळेतला माणूस सांगेल. मुठीच्या टोकाला नट असला की तलवार हलक्या प्रतीची, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. सरावाच्या कित्येक चांगल्या तलवारींना नट मुद्दाम ठेवतात, म्हणजे मूठ उघडून आतला भाग तपासता येतो आणि झिजलेला तुकडा बदलता येतो. मला तर उघडता न येणाऱ्या मुठीपेक्षा अशी मूठ अधिक विश्वासाची वाटते.

तुटलेल्या पात्याचे तोंड उजेडात धरून पाहिले तर बरेच काही वाचता येते. कडेलगत नखाच्या आकाराचा, काळपट किंवा गंजाने तांबूस झालेला एक पट्टा दिसतो आणि उरलेला भाग ताजा, दाणेदार, चमकता असतो. तांबूस भाग म्हणजे जुनी भेग. ज्या वाराला आपण 'जोराचा' म्हणून दोष देतो, त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती, प्रत्येक सरावाबरोबर थोडी थोडी आत शिरत होती. शेवटच्या वाराने फक्त उरलेले तोडले. म्हणूनच 'ही तलवार तुटेल का' या प्रश्नापेक्षा ती कुठे तुटेल आणि तुटण्याआधी आपल्याला काही कळेल का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

हा प्रश्न खेळातल्या तलवारबाजीने फार मोठी किंमत देऊन शिकला. 1982 मध्ये रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे फॉइल, म्हणजे भोसकण्याची हलकी खेळातली तलवार, मोडले, मोडके टोक मुखवटा भेदून आत शिरले आणि 1980 चा ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर मुखवटे आणि पोशाख यांचे नियम कडक झाले, आणि वरच्या स्पर्धांत भेग सावकाश वाढणारे, निकेलचे प्रमाण मोठे असलेले मॅरेजिंग पोलाद पात्यांसाठी आले. फॉइलचे वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी असते. ऐतिहासिक सरावातली दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार साधारण दीड किलोच्या घरात भरते, तरीही तिच्या पात्यासाठी सर्वांना बंधनकारक असा एखादा नियम नाही. प्रत्येक गट आणि प्रत्येक स्पर्धा आपापले नियम करते, आणि विक्रेता त्या मोकळीकीचा फायदा घेतो.

टिकाऊपणासाठी पाते जाडजूड आणि ताठ हवे, ही नवख्यांची आणखी एक चूक. जे पाते भोसकताना वाकत नाही ते स्वतः टिकेलही, पण त्याचा सगळा जोर समोरच्याच्या फासळ्यांवर जाईल. सोळाव्या शतकातल्या सरावाच्या तलवारी आज संग्रहालयांत आहेत. त्यांची बनावट पाहिली की जुन्या उस्तादांनी हा पेच कसा सोडवला ते दिसते. मुठीजवळ पाते रुंद, म्हणजे अडवताना लागणारे वजन आणि बळ तिथे. पुढे ते एकदम अरुंद होऊन टोकाकडे पातळ होत जाते, म्हणून भोसकताना पुढचा भाग सहज कमान घेतो. आजच्या चांगल्या सरावाच्या तलवारी हाच घाट ठेवतात. कडा किमान दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या बोथट असतात आणि टोक गुंडाळलेले किंवा चपटे रुंद केलेले असते. नुसते टोक घासून गोल केलेली तलवार सरावात घेऊ नये.

दोष सगळा विक्रेत्याचाच आहे, असेही नाही. उत्तम पातेही हयगयीने मरते. प्रत्येक सरावानंतर कडेवरून कापसाचा बोळा फिरवला तर जिथे तंतू अडकतात तिथे खाच किंवा कंगोरा आहे असे समजावे आणि तो कानशीने, पात्याच्या लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत करावा. आडवे ओरखडे राहिले तर तेच पुढे भेगेची सुरुवात होतात. घाईने यंत्राच्या चाकावर धरलेले पाते निळे पडले, तर तेवढ्या जागेचे पाणी बहुधा उतरले. घामाचा हात लागलेले पाते पुसून तेलाचा पातळ थर द्यावा आणि चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. एकाच जागी पुन्हापुन्हा वाकणारे पाते गुडघ्यावर सरळ करत राहणे हा तर भेगेला दिलेला निमंत्रणपत्रच आहे. नायलॉनची तलवार पोलादाच्या तलवारीशी खेळवू नये, हेही सांगायला हवे. पोलादाच्या कडेवरचे कंगोरे ती सोलून काढतात.

सरावाच्या तलवारीच्या विक्रेत्यांकडून माझी अपेक्षा अवास्तव नाही. पोलादाचे नाव, पाणी दिल्यानंतरचे मोजलेले काठिण्य, टँगची रुंदी आणि तो पात्याशी एकसंध आहे की जोडलेला, एकूण वजन, मुठीपासून तोलबिंदूचे अंतर आणि टोकाला ठरावीक भार दिल्यावर पाते किती वाकते, एवढी माहिती त्यांनी मालाच्या वर्णनात छापावी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री विल्किन्सन याच्या कारखान्यात तलवारीची पाती यंत्रावर वाकवून तपासली जात आणि चाचणीत उतरलेल्या पात्यावर तशी खूण बसवली जाई. तेव्हा जे जमले ते आजच्या कारखान्याला न जमण्याचे कारण नाही. जो ही माहिती देत नाही त्याच्याकडून शोभेसाठी हवे ते घ्यावे, सरावासाठी काहीही घेऊ नये.

गटांकडूनही एक काम व्हायला हवे. प्रत्येक मोडलेल्या पात्याची नोंद ठेवावी: कोणत्या कारागिराचे, कोणत्या पोलादाचे, साधारण किती काळ वापरलेले, कुठे तुटले, आणि तुटलेल्या तोंडाचे छायाचित्र. ही नोंद गटाच्या कपाटात न ठेवता इतर गटांना आणि त्या कारागिरालाही पाठवावी. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर पुढे कधी लेख छापला, तर त्यात तलवारीच्या छायाचित्राखाली 'युद्धसज्ज' असे न लिहिता तिचे पोलाद आणि वजन लिहावे, अशी विनंती आहे.

आपला,
ऐतिहासिक तलवारबाजीचा एक अभ्यासक